मैदानाचें फाटक आणि प्रक्षेपण

खेळ घरबसल्या ऐकूं येऊं लागला, कीं मैदानाच्या फाटकावर पैसे कोण टाकणार? प्रक्षेपणाच्या जन्माबरोबरच व्यवस्थापकांच्या मनांत ही धास्ती जन्मली. तिचा इतिहास अमेरिकेंत व आपल्या देशांत दोन भिन्न वाटांनीं गेला.

अमेरिकेंत या भीतीला पुरावा मिळाला. १९५० सालीं लॉस एंजेलिसच्या ‘रॅम्स’ या धंदेवाईक फुटबॉल संघानें आपले घरचे सामने दूरचित्रवाणीवर दाखविले, तों प्रेक्षकसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पुढील वर्षीं तें प्रक्षेपण बंद होतांच गर्दी परतली. १९५३ सालीं फिलाडेल्फियाच्या न्यायालयानें घरच्या सामन्याच्या उत्पन्नाचें रक्षण करणें वाजवी ठरविलें. मग यजमान शहराच्या भोंवतालीं ७५ मैलांपर्यंत सामना दाखवावयाचा नाहीं, ही रीत दृढ झाली. मैदान तुडुंब भरलें असतांही शेजारच्या घरांतील पडदा काळाच राही! लोकांच्या या गाऱ्हाण्यावरून १९७३ सालीं कायदा झाला. सामन्यापूर्वीं ७२ तास सर्व तिकिटें खपलीं असल्यास स्थानिक प्रक्षेपण अडवितां येऊं नये, असें त्यानें ठरविलें. कायद्याची मुदत सरली तरी संघांनीं तो दंडक पाळला. अखेर २०१४ सालीं सरकारी नियम रद्द झाला आणि २०१५ पासून संघांनींही ही बंदी स्थगित केली. तोंवर तिकिटांपेक्षां प्रक्षेपणाचे हक्क विकण्यांतच अधिक पैसा मिळूं लागला होता.

मुंबईची कथा नेमकी उलट आहे. १९३४ सालीं बॉबी तल्यारखान यांनीं चौरंगी सामन्याचें धावतें वर्णन नभोवाणीवरून ऐकविलें. त्यामुळें मैदान ओस पडलें नाहीं. तेथील तंटा रिकाम्या आसनांचा नसून अपुऱ्या आसनांचा होता. १९३७ सालीं ब्रेबोर्न स्टेडियम उभें राहिलें, आणि तेथील आसनांच्या वांटणीवरूनच हिंदु जिमखान्यानें त्या वर्षींच्या पंचरंगी सामन्यांतून अंग काढून घेतलें. पुढें क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यांत तिकिटांवरूनच वितुष्ट आलें. त्यांतून वानखेडे स्टेडियम निर्माण झालें व जानेवारी १९७५ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. जेथें तिकिटासाठीं झुंबड उडते, तेथें पडदा काळा करण्याचें कारणच उरत नाहीं.

परंतु फाटकापाशीं पोंचणाऱ्यांचाच विचार केल्यास हा प्रश्न अपुरा राहतो. आजचें छत्रपति संभाजीनगर, त्या काळचें औरंगाबाद, मुंबईहून तीनशे किलोमीटरांहूनही दूर. येथील रसिकाला ब्रेबोर्नचें तिकीट मिळालें काय नि न मिळालें काय, सारखेंच! त्याचा खेळ म्हणजे कानांवर येणारा आवाज. निझामाच्या राज्यांत औरंगाबादेस नभोवाणी केंद्र होतें. १९५० सालीं तें आकाशवाणींत सामील झालें. अशा दूरच्या गांवासाठीं प्रक्षेपण हेंच मैदान होय.

या दूरस्थ प्रेक्षकाचा हक्क कायद्याच्या भाषेंत मांडला गेला तो ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना व केंद्र सरकार यांच्यांत वाद झाला होता. त्यावर सर्वोच्च न्यायालयांत न्या. प. बा. सावंत यांनीं मुख्य निकाल दिला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा उपयोग लोकहितासाठींच झाला पाहिजे, हा त्याचा गाभा. सरकारची मक्तेदारी त्यानें अमान्य केली, तशी खासगी मक्तेदारीलाही मोकळीक दिली नाहीं.

तेव्हांपासून फाटक मैदानावरून उठून घरांत आलें आहे. पूर्वीं तिकीट खिडकीवर काढावें लागे. आतां वाहिनीची वर्गणी भरावी लागते. म्हणून २००७ सालीं झालेल्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचें प्रक्षेपण प्रसार भारतीसही देणें खासगी वाहिन्यांवर बंधनकारक केलें. त्यांतील जाहिरातींच्या उत्पन्नांत हक्कदाराचा वांटा दूरचित्रवाणीवर निदान ७५ टक्के व नभोवाणीवर निदान ५० टक्के ठेवला. अमेरिकन कायद्यानें आधीं फाटक राखलें आणि मग प्रेक्षकाची आठवण ठेविली. आपल्या कायद्यानें आरंभ दूरच्या प्रेक्षकापासून केला. मराठवाड्यांतील श्रोत्यास हा फरक केवळ शब्दांचा वाटणार नाहीं.