पागेतील जागरण

मराठ्यांच्या घोडदळाची संख्या आपण आवडीने सांगतो. त्या घोड्यांचा जन्म कोणी राखला, हे क्वचितच विचारतो. सभासदाच्या बखरीत २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे पखालजी व नालबंद, अशी व्यवस्था आढळते. बारगिराचे घोडे सरकारी. शिलेदाराचे मात्र स्वतःचे. शिलेदाराची गाभण घोडी ही त्याच्या घराची दौलतच होती.

घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा. पण तो काही आठवडे सहज पुढेमागे होतो. म्हणून तिथीपेक्षा अंगावरील खुणा पाहाव्या लागतात. विण्यापूर्वी २ ते ४ आठवडे कास भरू लागते. पुढे शेपटीच्या मुळाजवळील स्नायू सैल पडतात. सडांच्या टोकांशी मेणासारखे थेंब साचले, की बहुधा १ ते ४ दिवस उरलेले असतात. अखेरीस घोडी अस्वस्थ होते, घामेजते, वळून कुशीकडे पाहते. काही घोड्या मात्र ठळक खूण न दाखवताच वितात.

बहुतेक घोड्या रात्रीच वितात. पाणमोट फुटल्यावर साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यावे. विलंब झाल्यास दोन्ही जीव धोक्यात येतात.

शालिहोत्राच्या नावे अश्वशास्त्राची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. तरीही कास कालच्यापेक्षा आज किती भरली, हे रोज अंगावरून हात फिरवणाऱ्या मोतद्दारालाच कळणार. मोहिमांच्या यशाचे श्रेय वाटताना त्याच्या जागरणाचाही वाटा काढला पाहिजे, असे आम्हांस वाटते.