महाराजांना कुणी विचारलं होतं?

कागल म्हटलं की राजर्षी शाहू महाराज आठवतात. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, हे आपण शाळेतच शिकतो. पण ती गादी रिकामी का झाली होती, याविषयी फारसं बोललं जात नाही.

त्याआधी गादीवर होते चौथे शिवाजी महाराज. १८७० मध्ये राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्सला वारले आणि पुढच्याच वर्षी हा आठ वर्षांचा मुलगा दत्तक आला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली तो वाढला. ऐन तारुण्यात त्याचं मानसिक स्वास्थ्य बिघडलं. रीजंट म्हणून कारभार कागलच्या जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटग्यांकडे आला. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, तिथंच त्यांचा अंत झाला. वय अवघं वीस वर्षांचं.

हे प्रकरण महाराष्ट्रभर गाजलं होतं. महाराज वेडे नाहीत, दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करवतात, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. आधाराला घेतलेली पत्रं बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

एक बाजू म्हणे वेड, दुसरी म्हणे छळ. दोन्ही बाजू महाराजांविषयी बोलत होत्या. पण त्यांना स्वतःला निर्धास्तपणे बोलता येईल अशी जागा होती का? विचारणारा आणि पहारा ठेवणारा एकाच सत्तेचा असेल, तर माणूस काय सांगणार? ब्रिटिश मुलखातल्या १८५८ च्या कायद्याचा प्रश्नही एवढाच असे, की या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का आणि तो आपला व्यवहार सांभाळू शकतो का. त्याच्यावर काय ओढवलं, हा प्रश्नच नव्हता.

महाराजांच्या आजाराचं निदान आज करणं योग्य नाही. मात्र मानसिक आघातानंतरच्या विकाराला १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळालं आणि भीती, चिडचिड, झोप उडणं यांच्यामागे एखादी जुनी जखम असू शकते, हे सर्वत्र मान्य झालं. तरी ती जखम कशी विचारावी, हा प्रश्न उरतोच.

समुपदेशन शिकणाऱ्यांना मी म्हणूनच ही हकिकत सांगतो. कागलसारख्या गावात बाई दवाखान्यात येते ती सासू नाही तर नवऱ्याबरोबर. केसपेपर लिहिता लिहिता सर्वांदेखत ‘घरी मारहाण होते का?’ असं विचारलं, तर ती ‘नाही’ म्हणते. चुकून ‘हो’ म्हणालीच, तर त्याची किंमत रात्री घरी मोजते.

म्हणून आधी सोबतच्यांना बाहेर बसवावं. आपण का विचारतो ते सांगावं. ‘नको वाटलं तर उत्तर देऊ नका’ असं स्पष्ट म्हणावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण तिला मर्यादाही आहेत. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची खबर देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. ही मर्यादा बोलणं सुरू होण्याआधीच सांगायला हवी. मागाहून सांगितली तर तो विश्वासघात वाटतो.

पहिल्या भेटीत तपशील उकरून काढू नयेत. ‘पूर्वी असं काही घडलंय का, ज्याचा त्रास अजून होतो?’ एवढं पुरे. श्वास वाढला, हात थरथरू लागले, तर प्रश्न थांबवावेत, पाणी द्यावं, आजूबाजूच्या साध्या गोष्टींवर बोलावं. आज घरी परत जाणं धोक्याचं नाही ना, हे मात्र विचारल्याशिवाय कुणाला उठू देऊ नये. ज्यांना दवाखाना गाठता येत नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून १४४१६ हा ‘टेली मानस’चा मोफत क्रमांक आहे.

शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत आबासाहेबांनी स्वतःचा मुलगा त्याच वाड्यात पाठवला. बाप म्हणून त्यांच्या मनात काय आलं असेल, असा विचार मला अनेकदा पडतो. त्या मुलाला पुढं चांगले शिक्षक आणि सोबती लाभले. आधीच्या मुलाच्या वाट्याला ते आलं नाही. आपल्यासमोर बसलेला माणूस राजा असो वा रंक, सगळी हकिकत पहिल्याच दिवशी कळली नाही तरी चालेल. तो दुसऱ्यांदा आपणहून आला पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)