पाळी गेल्यानंतर खालच्या जागेची आग, खाज, कोरडेपणा : काय लावावं, काय लावू नये, दवाखाना कधी गाठावा

पाळी कायमची बंद झाल्यावर अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, उगाच चिडचिड होते, हे बायका आता एकमेकींत थोडंफार बोलतात. पण लघवीच्या जागेची आग, खाज, चालताना कपडा घासून होणारी चरचर हे मात्र ना लेकीला सांगतात ना सुनेला. फार झालं तर कुणाला तरी मेडिकलवर पाठवून "खाजेची ट्यूब आण" म्हणायचं आणि जे येईल ते लावायचं. त्या ट्यूबने दोन दिवस बरं वाटतं, मग दुखणं दुपटीने येतं. कारण सोपं आहे. या वयातली ही खाज बऱ्याचदा नायट्याची नसतेच. कातडी सुकल्याची असते.

नेमकं होतं काय

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं डॉक्टर धरतात. आपल्याकडे पंचेचाळीस ते पन्नाशीच्या दरम्यान बहुतेक बायकांचं हे होऊन जातं. बाईच्या अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य तयार होत असतं, ते या काळात कमी होत जातं. योनीची आणि लघवीच्या जागेची कातडी जाड, लवचिक आणि ओलसर ठेवायचं काम हेच द्रव्य करतं. ते आटलं की कातडी पातळ पडते, ओल कमी होते आणि साधा परकर घासला तरी चरचरतं. लघवी लागली की आग होते. नवरा-बायकोच्या संबंधात दुखतं, कधी थोडं रक्तही दिसतं.

दुसरी एक गोष्ट आतल्या आत घडते. पाळी चालू असते त्या वयात योनीत चांगले जिवाणू राहतात. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीतलेच ते. त्यांच्यामुळे तिथे आंबटपणा टिकतो आणि रोगाचे जंतू वाढत नाहीत. इस्ट्रोजेन गेलं की हे जिवाणू कमी होतात, आंबटपणा जातो. म्हणून पन्नाशीनंतर लघवीला जळजळ, सारखं लघवीला जावं लागणं, वर्षात तीन-चारदा लघवीचं इन्फेक्शन होणं हेही सुरू होतं. (दह्याचं नाव काढलं म्हणून कुणी तिथे दही लावू नये. ते पोटात जाऊ द्या.)

डॉक्टर याला जीएसएम म्हणतात. पाळी गेलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या बायकांना हा त्रास कमी-जास्त होतो, म्हणजे गल्लीत दहा घरं असली तर पाच घरांत हे चालू असणार. अंगाच्या वाफा काही वर्षांनी आपोआप कमी होतात. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उपाय केला नाही तर वाढतो. त्यामुळे "वय झालं, निघून जाईल" हा हिशोब इथे चालत नाही.

पिशवी काढलेल्या बायकांनी हे आधी वाचावं

आपल्या बीड जिल्ह्यात या विषयाला वेगळं वजन आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं होतं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या कितीतरी जणी तेव्हा तिशी-पस्तिशीत होत्या.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले असतील, तर त्या दिवसापासूनच इस्ट्रोजेन बंद होतं. म्हणजे तीस वर्षांच्या बाईला पन्नाशीचा त्रास. अंडाशय ठेवले असले तरी ते काही वर्षं आधी थकू शकतात, आणि पिशवी नसल्याने पाळी येत नाही म्हणून ते कधी थकले हे कळतही नाही. अशा बाईला चाळिशीच्या आत खाज, आग, कोरडेपणा सुरू झाला तर "मी तर अजून तरुण आहे" म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ऑपरेशनचा कागद घरात असेल तर शोधून ठेवा. अंडाशय काढले की ठेवले हे त्यावर लिहिलेलं असतं. इंग्रजी वाचता येत नसेल तर गावातल्या आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना दाखवा. कमी वयात अंडाशय गेलेल्या बाईच्या हाडांचीही काळजी घ्यावी लागते, तेव्हा डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

आधी काय बंद करायचं

खाज सुटली की बाईला वाटतं आपण अस्वच्छ आहोत. मग साबणाने दिवसातून चारदा धुणं सुरू होतं. आमच्या बचत गटात हा विषय निघाला तेव्हा एकेक उपाय ऐकून मी गार पडले. तुरटीचं पाणी, कडुलिंबाचा पाला उकळून, मीठ घालून कढत पाणी, लिंबू, हळद, आणि एकीने तर जखमा धुवायचं जंतुनाशक बादलीत टाकलेलं. तुरटी तर कातडी आकसवते आणि सुकवते. आधीच सुकलेल्या जागेला आणखी सुकवायचं, मग खाज थांबणार कशी? कढत पाण्याने खाजेला क्षणभर बरं वाटतं, पण कातडीचा उरलासुरला ओशटपणाही निघून जातो.

हे सगळं बंद करा. अंगाचा साबण, सुगंधी पावडर, मेडिकलमध्ये मिळणारे "खालच्या जागेसाठीचे" वासाचे वॉश, सगळं. आत बोट घालून धुणं तर अजिबात नको, योनी आतून स्वतःला साफ ठेवते. बाहेरून साधं किंवा कोमट पाणी दिवसातून एक-दोनदा, एवढं पुरे. केस काढायला ब्लेड नको. फारच वाढले तर कात्रीने बारीक करा.

आणि ती ट्यूब. गावाकडे खाजेसाठी ज्या ट्यूब सर्रास विकल्या जातात त्यात बऱ्याचदा नायट्याचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड तिन्ही एकत्र असतं. स्टिरॉइडमुळे खाज पटकन दबते, म्हणून ती ट्यूब "गुणकारी" वाटते. पण आठवडेच्या आठवडे लावली की कातडी अजून पातळ होते, आणि खरोखर बुरशी असेल तर ती खालून पसरत राहते. अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्येच केला आहे. चिठ्ठी न मागता कुणी दिली तर तो तुमच्यावर उपकार नाही.

घरी करता येण्यासारखं

धुतल्यावर जागा घासून पुसू नका, मऊ सुती कापडाने टिपून घ्या. मग बाहेरच्या कातडीला शुद्ध खोबरेल तेलाचा किंवा बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. वासाचं, कापूर घातलेलं किंवा औषधी तेल नको. शेतात जायच्या आधी आणि रात्री झोपताना लावलं की कपडा घासत नाही, लघवी लागली तरी आग कमी होते. हे फक्त बाहेरून लावायचं. लावल्यावर जास्तच आग झाली तर तुम्हाला ते मानवत नाही, धुऊन टाका.

निकर सुती आणि सैल घाला. नायलॉनची घट्ट निकर घामाने चिकटते. रात्री झोपताना घातली नाही तरी चालतं, उलट हवा लागते. कपडे धुताना पावडर आणि सोडा नीट निघेपर्यंत दोन पाण्यातून खळबळा. कपड्यात राहिलेली पावडर दिवसभर त्याच जागेला लागते. आणि निकर साडीखाली लपवून सावलीत वाळत घालायची आपली जुनी सवय सोडा, ती उन्हातच वाळली पाहिजे.

ऊसाची कूस, सोयाबीनचा भुसा, घाम हे सगळं कपड्यात शिरतं. कामावरून आल्यावर साध्या पाण्याने धुऊन कोरडी निकर बदलली तर रात्रीची खाज बरीच कमी होते. खोकताना, ओझं उचलताना लघवी गळत असेल तर ओला कपडा तसाच अंगावर ठेवू नका. पाण्याचंही तसंच. रानात आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. लघवी घट्ट आणि पिवळी होते, तीच जास्त जाळते. हा प्रश्न मलमाचा नाही, आडोशाचा आहे, हे मला कळतं. तरी निघायच्या आधी आणि दुपारी जेवताना पोटभर पाणी प्या.

खाज फारच सुटली तर नखाने ओरबाडण्यापेक्षा गार पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा पाच-दहा मिनिटं ठेवा. नखं बारीक कापा, झोपेत हात जातो.

संबंधाच्या वेळी दुखतं हे घरधन्याला मोकळेपणी सांगावं. नको म्हणण्याचं कारण दुखणं आहे, मन उडालेलं नाही, हे त्यालाही कळायला हवं. त्यासाठी मेडिकलमध्ये पाण्यापासून बनवलेलं वंगणाचं जेल मिळतं, ते त्या वेळी वापरलं की घर्षण कमी होतं. निरोध वापरत असाल तर तेल किंवा पेट्रोलियम जेली नको, त्याने रबर फाटतं. जेल चालतं.

डॉक्टर काय देतात

वरचे उपाय करून तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे या दुखण्याचं खरं औषध आहे. योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम किंवा गोळी. आपल्याकडे बहुतेकदा इस्ट्रिऑल नावाचं मलम देतात. साधारणपणे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात. मात्रा डॉक्टरच ठरवतील. फरक दोन दिवसांत दिसत नाही, काही आठवडे लागतात, पूर्ण आराम पडायला तीन महिनेही लागू शकतात. अर्ध्यात सोडणाऱ्या बायका इथेच फसतात. बंद केलं की त्रास परत येऊ शकतो, म्हणून ते पुढे चालू ठेवावं लागतं. लघवीचं इन्फेक्शन वारंवार होत असेल तर तेही याने कमी होतं.

"हार्मोनचं औषध" म्हटलं की कॅन्सरची भीती वाटते. या मलमातलं इस्ट्रोजेन फार कमी असतं आणि ते मुख्यतः त्याच जागेवर काम करतं, रक्तात अगदी थोडं जातं. पण स्तनाचा किंवा पिशवीचा कॅन्सर होऊन गेला असेल किंवा खालून रक्त जात असेल, तर ते आधी सांगितल्याशिवाय हे मलम सुरू करायचं नाही. शेजारणीचं उरलेलं आणून लावणं तर नाहीच.

दिसायला सारखं, पण वेगळं दुखणं

सगळीच खाज कोरडेपणाची नसते. दह्यासारखं पांढरं जात असेल आणि जागा लालभडक झाली असेल तर ती बुरशी असू शकते, आणि पन्नाशीनंतर बुरशी वारंवार होत असेल तर आधी साखर तपासा. कितीतरी जणींना शुगर आहे हे या खाजेमुळेच पहिल्यांदा कळतं. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर तिने लघवीतून साखर जाते आणि बुरशी वाढू शकते. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

दुसरं दुखणं जास्त महत्त्वाचं. जागेवर पांढरे चट्टे पडतात, कातडी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसते आणि रात्री झोपू देत नाही अशी खाज सुटते. बायका याला कोड समजून गप्प बसतात. याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. हे लागट नाही, पण उपचार न करता सोडलं तर कातडी आक्रसत जाते आणि काही थोड्या जणींमध्ये पुढे कॅन्सर होऊ शकतो. गंमत अशी की याच्यावर उपाय म्हणून जोरदार स्टिरॉइडचं मलमच देतात, पण ते तपासून, ठरावीक मात्रेत आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. म्हणून "स्टिरॉइड आहे" म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मलम फेकू नका.

अंग बाहेर येत असेल तर तो भाग कपड्याला घासून जखम होते. त्यावर मलम लावून भागत नाही, आत बसवायची रबरी रिंग किंवा ऑपरेशन हे उपाय आहेत.

थांबायचं नाही अशी लक्षणं

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर खालून रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. "पाळी परत आली" असं नसतं. बऱ्याचदा कारण साधं, कातडी सुकल्याचंच निघतं, पण साधारण दहा जणींमागे एकीला पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असतो आणि लवकर कळला तर तो बरा होतो. भरून न येणारी जखम, गाठ, जाड किंवा पांढरा-काळा चट्टा, घाण वासाचं पाणी जाणं, लघवीच्या त्रासाबरोबर थंडी-ताप, यालाही थांबू नका.

कुठे जायचं, काय बोलायचं

पहिला टप्पा प्राथमिक आरोग्य केंद्र. लघवी आणि साखर तिथे तपासून होते, आणि तिशीपुढच्या बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाची कॅन्सर तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. ती आजवर केली नसेल तर याच फेरीत विचारा. चट्टे, रक्त किंवा न थांबणारी खाज असेल तर ग्रामीण रुग्णालय, किंवा थेट अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथे स्त्रीरोग आणि त्वचारोग दोन्ही विभाग आहेत. जाणं जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर मोबाईलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं, पण चट्टा किंवा रक्त असेल तर प्रत्यक्ष तपासणीच लागते.

तपासताना पुरुष डॉक्टर असतील तर सिस्टरला किंवा सोबतच्या बाईला आत थांबू द्या म्हणून सांगता येतं, तो तुमचा हक्क आहे. तोंडाने सांगायला जड जात असेल तर हे कागदावर लिहून न्या : पाळी कधी गेली, पिशवी किंवा अंडाशय काढले आहेत का, खाज आहे की आग, किती महिन्यांपासून, रक्त दिसलं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या.