ओंडक्यावर पिकणारे हंस

हिवाळा लागला की आयर्लंड व स्कॉटलंड यांच्या पश्चिम किनाऱ्यांवर काळ्या मानेचे, पांढऱ्या तोंडाचे रानहंस हजारोंनी उतरतात आणि वसंतात नाहीसे होतात. त्यांचे घरटे किंवा अंडे तेथल्या लोकांनी कधी पाहिले नव्हते. मग हे पाखरू जन्मते तरी कोठे?

उत्तर किनाऱ्यावरच सापडले. समुद्रातून वाहून आलेल्या ओंडक्यांना लांब, मऊ देठांचे शिंपलेवजा जीव लोंबकळत असतात. कवच उघडले की आतून पिसांसारखे तंतू बाहेर येतात. हीच हंसाची पिले, असे लोकांनी ठरविले. ११८५ साली राजपुत्र जॉनबरोबर आयर्लंडात गेलेला वेल्सचा धर्मोपदेशक जिराल्डस याने तर एकाच ओंडक्याला असे हजारांहून अधिक जीव लटकलेले आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. तो खोटे बोलला असे आम्हांस वाटत नाही. त्याने शिंपले पाहिले होते आणि हंसांची कथा ऐकली होती. मधली जागा श्रद्धेने भरली. शिवाय या समजुतीत सोयही होती. जो मांसापासून जन्मला नाही तो मांस नव्हे, या न्यायाने तेथील काही बिशप उपवासाच्या दिवशी हा हंस खुशाल खात, असे जिराल्डसच सांगतो. उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालवून घेणाऱ्या आपण लोकांनी त्यांना फार हसू नये!

तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याला ही कथा पटेना. ससाण्यांच्या शिकारीचा तो मोठा जाणकार. त्याने उत्तरेकडे माणसे पाठवून तसले लाकूड मागविले आणि शिंपले तपासले; पक्ष्याची आकृती त्यांत कोठेच आढळली नाही. तेव्हा हे हंस दूरच्या, अज्ञात प्रदेशात अंडी घालीत असावेत, असे अनुमान त्याने आपल्या ग्रंथात मांडले. पोपने बहिष्कृत केलेल्या या राजाने येथे धर्मपंडितांपेक्षा अधिक सचोटी दाखविली, असे म्हणणे भाग आहे. परंतु त्याचा ग्रंथ छापून निघाला तो १५९६ साली.

योगायोग असा की, त्याच वर्षीच्या जून महिन्यात चीनची वाट शोधीत निघालेला डच नाविक विलेम बॅरेंट्स ८० अक्षांशाजवळ स्पिट्सबर्गेनला पोहोचला. तेथे त्याच्या खलाशांना हंस अंड्यांवर बसलेले आढळले. ते या हंसांचे सख्खे भाऊबंद, दर हिवाळ्यास हॉलंडात येणारे, आणि त्यांच्याविषयीही तीच कथा प्रचलित होती. इतक्या उत्तरेस पूर्वी कोणी आलेच नव्हते, म्हणून अंडी कोणास दिसली नाहीत, असा सरळ खुलासा प्रवासवृत्त लिहिणाऱ्या गेरिट डी व्हीरने केला. तरीही १५९७ साली इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन जेरार्ड याने आपल्या जाडजूड ग्रंथाच्या शेवटी हंसांचे झाड सचित्र छापलेच!

१९६२ साली स्पिट्सबर्गेनच्या हंसांच्या पायांत कड्या घातल्या, तेव्हा ते स्कॉटलंडच्या सॉल्वे खाडीवर हिवाळा काढतात हे ठरले. आयर्लंडात उतरणारे ग्रीनलंडचे. तो शिंपलेवजा जीव वास्तविक शिंपलाही नव्हे, कोळंबीच्या गोतातला आहे. मात्र लिनियसने १७५८ साली त्याला दिलेले ‘अनाटिफेरा’, म्हणजे बदके प्रसवणारा, हे नाव शास्त्रात अद्याप चालू आहे.