वाळूज आणि ऑइल फिल्टर

१९८५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पण केवळ त्यामुळे शहरात ऑइल फिल्टर स्वस्त मिळू लागला, असे म्हणणे घाईचे ठरेल. त्या काळच्या टू-स्ट्रोक गाड्यांत इंजिनातले ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाई. गाळायला उरतच नसे. फोर-स्ट्रोक आल्यावर तेच ऑइल हजारो किलोमीटर फिरू लागले आणि गाळणीला किंमत आली. त्यातही अनेक छोट्या इंजिनांत जाळी धुऊन पुन्हा बसवतात. बजाजच्या पल्सरसारख्या गाड्यांनी मात्र घडीच्या कागदाचा, मुठीत मावणारा, बदलावाच लागणारा फिल्टर घरोघरी पोहोचवला.

कोणी म्हणेल, वाळूजचे पुरवठादार माल कारखान्याला देतात, गल्लीतल्या दुकानाला नाही. खरे आहे. म्हणूनच माझ्या मते स्वस्ताईचे खरे कारण जवळीक नसून एकाच मापाच्या असंख्य गाड्या हे आहे. खप असला की पर्यायी माल आपोआप येतो. पण स्वस्ताईलाही मर्यादा हवी. स्वस्त फिल्टरचे रबर नीट बसले नाही, तर ऑइल न गाळताच पुढे सरकते आणि धातूचा कीस थेट बेअरिंगपर्यंत पोहोचतो.