गोधडीच्या पोटातला इतिहास

परवा आमची नात एक जाकीट घालून आली. एक बाही निळी, दुसरी मातकट, पाठीवर लुगड्याचे काठ आणि खिशाच्या जागी कुणाच्या तरी विजारीचा तुकडा. मला वाटलं, कॉलेजच्या नाटकात भिकारणीचं काम मिळालं असेल, म्हणून मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, "आजोबा, हे सस्टेनेबल आहे. जुन्या कापडांतून शिवलेलं. फक्त साडेचार हजार!"

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आमच्या लहानपणी असले कपडे घालायला पैसे पडत नसत. ते घालावे लागू नयेत म्हणून माणसं पैसे मिळवत.

आमच्या आजीला 'सस्टेनेबल' हा शब्द उच्चारता आला नसता, पण तिच्या घरात कापड मरतच नसे. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून टोकं जोडायची. याला दंड घालणं म्हणत. दंडही विरला की त्याचे परकर, परकराची दुपटी, दुपट्यांची गोधडी, गोधडीचं पायपुसणं. त्यातूनही धड निघालं ते बोहारणीला. तिच्याशी अर्धा तास हुज्जत घालून आजी एक वाटी मिळवी, आणि 'फसवलंन मेलीनं' असं म्हणत आनंदाने घासून ठेवी.

आजोबांचा कापडाशी संबंध मात्र तात्त्विक होता. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताच्या खादीत गेले होते, ही गोष्ट ते आम्हाला जेवताना सांगत. १९०५ साली पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कपड्यांची होळी झाली, ती त्यांची लहान वयामुळे हुकली. याची हळहळ त्यांना जन्मभर होती. त्यामुळे ३१ जुलै १९२१ ला गांधीजी परळला होळी पेटवणार म्हटल्यावर गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत धाड पडली. आजोबांनी स्वतःचा कोट, टोपी, उपरणं सगळं बाहेर काढलं आणि मग आजीच्या पेटीकडे वळले. तिथे तिच्या लग्नातलं तलम विलायती पातळ होतं.

ज्यांच्या अंगावर धड वस्त्र नाही त्यांच्या देशात कापड जाळायचं कसं, अशी हरकत त्याच साली रवींद्रनाथांनी घेतली होती. आजीला रवींद्रनाथ ठाऊक नव्हते. तिने पेटी उघडून दाखवली. पातळ नव्हतं. "बोहारणीला दिलं," ती म्हणाली. आजोबा खूश झाले. बायकोने आपल्याआधीच त्याग केला, हे ते चाळभर सांगत सुटले.

पुढे १९४३ साली लढाईच्या टंचाईत कापडावर कंट्रोल आला. आजोबांच्या खादीच्या धोतरांतून धाकट्या आत्याचे परकर निघाले. गंमत म्हणजे विलायतेतल्या सरकारने त्याच साली 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढून मडमांना ठिगळं लावायला शिकवलं. आजीने हा क्लास फुकट चालवला असता.

मी सात-आठ वर्षांचा असताना, आजी गेल्यानंतरच्या पहिल्याच थंडीत आजोबांची गोधडी उसवली. तिचे टाके काठाकडून मधे चौकोनात फिरत गेलेले होते. आईने शिवायला घेतली, तर दोन खादीच्या थरांमध्ये मऊ, गुलाबी काहीतरी दिसलं. आईने ओढून पाहिलं. जरीचा काठ होता.

आजोबांनी ते पातळ ओळखलं. देशभक्तीवर पाऊण तास व्याख्यान होणार म्हणून आम्ही पोरं मागच्या मागे सरकू लागलो. ते काहीच बोलले नाहीत. त्या कापडावरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाले, "आहे तसं शिवून टाक. थंडी आहे." छत्तीस-सदतीस वर्षं ते मँचेस्टर पांघरून स्वदेशीची स्वप्नं पाहत होते!

हे सगळं सांगितल्यावर नात म्हणाली, "आता हे मोठ्या प्रमाणावर होतं, आजोबा. पानिपतला." मराठी माणसाने पानिपतचं नाव ऐकलं की आधी हात कपाळाकडे जातो. पण तिचं खरं होतं. अमेरिका-युरोपातून टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे येतात, यंत्रात पिंजले जातात आणि त्यांच्या सुताची ब्लँकेटं होतात. ही युक्ती मूळची इंग्रजांची. यॉर्कशरमधल्या बॅटलीच्या बेंजामिन लॉने १८१३ च्या सुमाराला जुन्या चिंध्या पिंजून 'शॉडी' कापड काढलं. म्हणजे विलायती कपडे पुन्हा आपल्याच गोधडीत. आजी हसली असती.

मी कपाटातून ती गोधडी काढली. नातीने उलटीसुलटी केली, टाके मोजून पाहिले, आणि तिचे डोळे चमकले. "आजोबा, याचं काय सुंदर जाकीट होईल!"

दुसऱ्या दिवशी तिने गोधडी मागितली. मी म्हणालो, "बोहारणीला दिली."