पडद्यावरचा रस्ता आणि हरात्मक मध्य

१९९७ साली पॅरिसच्या डेल्फिन सॉफ्टवेअर या कंपनीने ‘मोटो रेसर’ हा मोटारसायकल शर्यतीचा खेळ तयार केला. वैयक्तिक संगणक आणि सोनीचे प्लेस्टेशन या दोन्हींवर तो चालत असे. डांबरी रस्त्यावरची शर्यत आणि मातीतली मोटोक्रॉस असे दोन्ही प्रकार त्यात होते. आपण मात्र त्याच्याकडे एका वेगळ्या प्रश्नासाठी पाहणार आहोत. अंगावर धावून येणारा रस्ता दर सेकंदाला अनेक वेळा नव्याने रेखाटणे त्या काळच्या यंत्रांना कसे जमले?

आधीचे रस्ते

निन्टेन्डोच्या ‘एक्साइटबाइक’मध्ये (१९८४) मोटारसायकल फक्त बाजूने दिसे. पुढच्याच वर्षी जपानच्या सेगा कंपनीत यु सुझुकी यांनी ‘हँग-ऑन’ हा खेळ रचला. खेळाडू मोटारसायकलीच्या प्रतिकृतीवर बसे आणि ती प्रत्यक्ष झुकवी. पडद्यावरचा रस्ता मात्र सपाट चित्रच होता. त्याच्या आडव्या ओळी कमीअधिक सरकवल्या की वळणाचा भास होई. झाडे आणि फलक म्हणजे अंतरानुसार लहानमोठी केलेली तयार चित्रे. तिसरी मिती हिशोबात नव्हती, ती पाहणाऱ्याच्या मनात तयार होत होती.

‘मोटो रेसर’मध्ये ती हिशोबात आली. रस्ता, डोंगर, गाडी या सर्वांची बहुभुजाकृती तुकड्यांनी रचना करायची, प्रत्येक शिरोबिंदूचे तीन सहनिर्देशक साठवायचे आणि पडद्यावरची जागा काढताना अंतराने भागायचे. चित्रकलेच्या तासाला शिकवले जाणारे यथार्थदर्शन ते हेच.

वेळेची टंचाई

डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या प्लेस्टेशनचा प्रक्रियक सुमारे ३४ मेगाहर्ट्झचा होता आणि मुख्य स्मृती २ मेगाबाइट. दशांश चिन्हाच्या संख्यांसाठी वेगळा विभाग नव्हता. सारे काम पूर्णांकांवर चाले. सेकंदाला ३० चित्रे दाखवायची तर एका चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे प्रक्रियकाचे सुमारे ११ लाख ठोके. एवढ्यातच रस्ता, प्रतिस्पर्धी, आवाज सगळे बसवायचे. साहजिकच काही हिशोब गाळावे लागले.

त्यातला एक फार बोलका आहे. समजा, रस्त्याच्या एका तुकड्याचे जवळचे टोक १० मीटरवर आणि दूरचे ३० मीटरवर आहे. पडद्यावर या दोन टोकांच्या बरोबर मध्ये रस्त्यावरचा कोणता बिंदू दिसेल? विद्यार्थी २० मीटर म्हणतील. पण पडद्यावरची उंची अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून १/१० आणि १/३० यांची सरासरी घ्यावी लागते. ती येते १/१५. उत्तर १५ मीटर, म्हणजेच १० आणि ३० यांचा हरात्मक मध्य!

प्लेस्टेशन हा भागाकार फक्त टोकांच्या बिंदूंसाठी करी. मधल्या पृष्ठभागावर चित्र चढवताना सरळ मध्य धरी. तिथे २० मीटरवरचा भाग येऊन बसे. म्हणून जवळच्या रस्त्यावरचे पट्टे वाकडे होत, डुलत. तुकडे लहान केले की चूक कमी दिसे, पण तुकड्यांची संख्या वाढे. १९९६ पासून संगणकांसाठी ‘व्हूडू’सारखी खास कार्डे मिळू लागली. ती प्रत्येक ठिपक्यासाठी योग्य भागाकार करीत, आणि रस्ता सरळ दिसे.

झुकण्याचे गणित

दुसरी तडजोड चित्राची नव्हे, भौतिकीची आहे. सपाट वळणावर,

झुकण्याच्या कोनाचा टॅन = वेग² ÷ (त्रिज्या × गुरुत्वत्वरण).

ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. त्रिज्या ९० मीटर असेल तर टॅन येतो ९०० ÷ ८८२, म्हणजे १.०२, कोन सुमारे ४५ अंश. वेग निम्मा केला तर टॅन चौथाई होतो आणि कोन जेमतेम १४ अंश. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांकही किमान या टॅनएवढा हवा. ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर तो १ पेक्षा बराच कमी असतो. तिथे गाडी घसरणारच.

खेळात डावी कळ दाबली की गाडी डावीकडे झुकते आणि वळते. प्रत्यक्षात डावीकडे वळताना स्वार हँडल क्षणभर किंचित उजवीकडे फिरवतो. त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. विमानाच्या शोधापूर्वी सायकलींचा व्यवसाय करणाऱ्या विल्बर राइट यांनी ते नेमके टिपले होते.

डेल्फिन कंपनी २००४ मध्ये बंद पडली. पण नववी-दहावीच्या मुलांना शर्यतीचे खेळ ठाऊक असतात आणि लवकरच त्यांच्या हाती खरी गाडी येते. खेळात पडलेला स्वार काही क्षणांत पुन्हा रस्त्यावर असतो. त्याआधी वरचे दोन्ही हिशोब वर्गात करून घ्यावेत. पहिल्यासाठी सरळ रेल्वेमार्गाचा एखादा फोटो पुरेल. पट्टीने मध्य काढावा आणि त्याच्या खाली व वर किती स्लीपर येतात ते मुलांनाच मोजू द्यावे.